समोरचे सहा दात

"गाजर आज खुशीत दिसतंय," आडोशाच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं. "म्हणजे नवी योजना येतेय बघ."

तो सामानाच्या खोलीत उकिडवा बसून कपाटाच्या खालच्या कप्प्यात मागच्या वर्षीची हजेरीपत्रकं शोधत होता. आडोसा प्लायवूडचा. पलीकडे प्लास्टरवाल्यांची खोली, त्यामुळे तिथलं खोकणंसुद्धा इकडे ऐकू यायचं. आधी त्याला वाटलं, कुणाच्या तरी डब्याबद्दल चाललंय. मग दुसरा आवाज आला, "मागच्या महिन्यात फळा आणला, आता घंटा आणेल. गाजर दाखवल्याशिवाय राहवतंय होय त्याला!" आणि हशा. त्यात प्लास्टरवाल्या पहिलवानाचं हसणं वेगळं ओळखू येत होतं, रिकामी बादली जिन्यावरून गडगडत यावी तसं. फळा तर त्यानेच आणला होता. म्हणजे गाजर म्हणजे तोच. एवढा हिशेब मनात जुळेपर्यंत त्याचे कान गरम झाले होते आणि गुडघ्यांना मुंग्या आल्या होत्या, पण उठलं तर हाडं वाजतील आणि पलीकडे ऐकू जाईल म्हणून तो तसाच बसून राहिला. एकोणीस वर्षं नोकरी केलेला अधिकारी, स्वतःच्याच कार्यालयात, कपाटाआड लपलेला. हसणं ओसरलं, पलीकडे पाणी ओतल्याचा आणि प्लास्टर घोटल्याचा आवाज सुरू झाला, तेव्हा तो भिंतीला धरून उठला आणि थेट स्वच्छतागृहात जाऊन आरशासमोर उभा राहिला. नाक? नाक लांब होतं खरं, पण गाजरासारखं नव्हतं. रंग? छे. मग नाव पडलं ते दाखवण्यावरूनच. नाकावरून पडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं. नाक काही आपण स्वतः निवडत नाही.

कारखाना म्हणायचा तो आपला सवयीने. खरं तर चार खोल्या, एक गच्ची आणि चाळीस माणसं. इथे कवळ्या बनत. शहरभरचे दंतवैद्य आपापल्या पेशंटांच्या हिरड्यांचे ठसे पाठवायचे. प्लास्टरवाले त्यावरून साचे ओतत, मेणाच्या टेबलावर त्या साच्यावर मेणाची हिरडी चढवून तीत एकेक दात बसवला जाई, मग मेण जाऊन त्याच्या जागी कडक गुलाबी हिरडी येई, पॉलिशवाले ती चकचकीत करत आणि शेवटी पॅकिंगवाल्या बायका ती कापसात गुंडाळून डबीत घालत. ही चाळीस माणसं रोज सकाळी उठून इथे का येतात, आल्यावर जीव ओतून काम का करतात किंवा का करत नाहीत, हे ओळखणं आणि शक्यतो त्यांनी जास्त जीव ओतावा अशी व्यवस्था करणं, हे त्याचं काम. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन त्याने त्याची पदविका घेतली होती. खुर्चीमागच्या भिंतीवर गरजांचा मोठा त्रिकोण टांगलेला होता, तळाशी भूक आणि निवारा, मग सुरक्षितता, मग जिव्हाळा, मग मान, आणि अगदी टोकाला आत्मविकास. हा त्रिकोण त्याला मनापासून आवडायचा. कंटाळा आला की तो मनातल्या मनात माणसांना त्याच्यावर चढवायचा. पहिलवान मानाच्या पायरीवर फतकल मारून बसलेला. पॅकिंगवाल्या बायका जिव्हाळ्याच्या पायरीवर, गप्पा मारत. स्वतःला तो टोकाच्या थोडंसं खाली, एका हाताने टोक धरून उभा असलेला बघायचा. आज खुर्चीत बसल्यावर त्याने मागे वळून त्रिकोणाकडे पाहिलं तर तो नेमका उलट्या धरलेल्या गाजराच्या आकाराचा दिसला.

आणि त्रिकोण एकटा थोडाच होता! वर्गात शिकवलेलं सगळं त्याला अजून तोंडपाठ होतं. एक पंथ म्हणे, माणूस मुळात आळशी, त्याच्यावर नजर ठेवा. दुसरा म्हणे, माणूस मुळात कामसू, तुम्हीच त्याच्या वाटेतून बाजूला व्हा. तिसरा म्हणे, पंखा बंद असला की माणूस वैतागतो, पण पंखा चालू आहे म्हणून कुणी नाचत कामाला येत नाही. वैताग घालवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि आनंद देणाऱ्या वेगळ्या. हे शेवटचं त्याला फार पटलं होतं. कारखान्यात आल्यावर पहिल्याच महिन्यात त्याने सगळे पंखे दुरुस्त करून घेतले आणि मग आनंद देणाऱ्या गोष्टींच्या मागे लागला. वाढदिवसाची कार्डं. सूचनांची पेटी, जिच्यात वर्षभरात एकच चिठ्ठी आली, 'पेटी दारात आहे, पायाला लागते.' महिन्याचा मानकरी, त्याचा फोटो भिंतीवर. आणि आता फळा. मेणाच्या खोलीत आणि प्लास्टरच्या खोलीत एकेक पांढरा फळा, त्यावर प्रत्येकाचं नाव, समोर दिवसभरात झालेले नग, दर तासाला भरायचे. सगळ्यात जास्त नगवाला वर, हिरव्या शाईत. सगळ्यात कमीवाला खाली, लाल शाईत. एक महिना चाचणी झाली होती. येत्या शुक्रवारी डॉक्टरीणबाईंसमोर, म्हणजे मालकीणबाईंसमोर, ती योजना कायमची करण्याचा प्रस्ताव तो मांडणार होता. आकडे चांगले होते. आज सकाळी तो खुशीत होता, यात खोटं काहीच नव्हतं.

वडील असते तर हसले असते. वडिलांची आठवण त्याला अशा वेळी हमखास यायची, कारण त्याच्या सगळ्या सिद्धांतांत न बसणारं असं एकच माणूस त्याच्या ओळखीचं होतं आणि ते म्हणजे वडील. वजनमापांच्या कार्यालयात दुकानदारांच्या तराजूंवर शिक्के मारायचं काम त्यांनी तेहतीस वर्षं केलं. ते काम त्यांना एक दिवसही आवडलं नाही आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. "भिकार काम आहे," असं ते जेवताना प्रसन्नपणे सांगायचे, जणू आज हवा छान आहे म्हणताहेत. जाताना शीळ घालत जायचे, येताना शीळ घालत यायचे. बढती नाही, मान नाही, आत्मविकास तर औषधालाही नाही. पदविकेच्या पहिल्या वर्षी त्याने त्यांच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. 'तुम्हाला कामाची प्रेरणा कशातून मिळते?' या प्रश्नापाशी वडील थांबले, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, "मला तसलं काही होत नाही बुवा. मला फक्त चाळिशी लागलीय." मग त्याचा पडलेला चेहरा बघून त्यांनी कागदावर लिहिलं, 'मुलगा विचारतो म्हणून.' त्या प्रश्नावलीला त्याला वर्गात सगळ्यात कमी गुण मिळाले होते. सरांनी शेरा मारला होता, 'उत्तरदाता गंभीर नाही.' उत्तरदाता गंभीर नव्हता हे खरंच होतं. पण त्याच्यापेक्षा सुखी माणूस आपण नंतर कुठे पाहिला, हे त्याला एवढ्या वर्षांत सांगता आलं नव्हतं.

दुपारी टपालाच्या ट्रेमध्ये एक चिठ्ठी सापडली. आक्काची. आक्का म्हणजे मेणाच्या टेबलावरची सगळ्यात जुनी बाई, त्याच्याही आधीपासून इथे असलेली. शहरातले बडे दंतवैद्य अवघड तोंड आलं की ठशासोबत लिहून पाठवायचे, 'आक्कांनाच द्यावे.' चिठ्ठीत दोन ओळी. 'मला मेणाच्या टेबलावरून काढून पॅकिंगमध्ये घ्यावे ही विनंती. कारण काही नाही.' त्याने ती दोनदा वाचली. मग मेणाच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आत डोकावला. स्पिरिटचे दिवे जळत होते, वितळत्या मेणाचा गोडसर वास होता, सहा माना खाली होत्या. फळ्यावर सगळ्यात खाली, लाल शाईत, आक्का होती. महिनाभर तीच खाली होती, हे त्याला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे आकड्यांत माहीत होतं. सरासरी काढताना तो तिचा आकडा बाजूला ठेवायचा, कारण त्याने बेरीज बिघडायची. चिठ्ठीची घडी घालून ती त्याने खिशात ठेवली.

"तुला माहीत होतं, मला गाजर म्हणतात ते?" संध्याकाळी त्याने बायकोला विचारलं. ती शाळेत पोहायला शिकवायची, दिवसभर शिट्टी फुंकून आलेली असायची, घरी तिचा आवाज म्हणून अंमळ मोठाच. ती ओट्याशी उभी होती. आधी तिचे खांदे हलले, मग तिने हातातला चमचा खाली ठेवला, आणि मग ती इतकी हसली की तिला खुर्ची ओढून बसावं लागलं.

"सहा वर्षं झाली," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमच्या सहलीला आले होते ना, तेव्हा पॅकिंगमधल्या एकीने मला विचारलं, तुम्ही गाजरसाहेबांच्या कोण?"

"मग सांगितलं नाहीस?"

"अरे, त्या इतक्या प्रेमाने म्हणाल्या! मला वाटलं, तुला सांगितलं तर तू त्याचं काहीतरी करशील. समिती नेमशील."

तोही हसला. हसताना आश्चर्य वाटलं, की दुखत नाहीये. दुखत होतं ते वेगळ्याच ठिकाणी. त्याने तिला आक्काच्या चिठ्ठीबद्दल सांगितलं. बायकोने चमचा पुन्हा उचलला, मग म्हणाली, "माझ्याकडे एक मुलगी आहे. मस्त पोहते. मी घड्याळ काढलं की बुडायला लागते. मी काय करते माहितीय?"

"काय?"

"घड्याळ खिशात ठेवते. ह्यात काय ग्रंथ लिहायचाय?"

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तो चिठ्ठी घेऊन मेणाच्या टेबलाशी गेला. मनात वाक्यं जुळवली होती. तुमच्या अनुभवाची संस्थेला कदर आहे, वगैरे. आक्काने मान वर केली, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि पायाने एक स्टूल त्याच्या दिशेने सरकवलं. "बसा. पण रिकाम्या हाताने बसू नका, साहेब. इथे तसं कुणी बसत नाही, बघवत नाही." तिने त्याच्या पुढ्यात एक जुना, टाकाऊ साचा ठेवला, मेणाची हिरडी चढवलेला, आणि दातांचं एक पाकीट. "समोरचे सहा लावा. वरचे. तोवर बोला."

त्याला वाटलं, दहा मिनिटांचं काम. पहिला दात चिमट्याने उचलला, मेण दिव्यावर गरम केलं, दात टेकवला, तो लगेच मागे कलला. सरळ केला तर पुढे आला. बोटाने दाबला तर बोट भाजलं. दुसरा लावताना पहिला हलला. मेण किती गरम हवं ते सांगून कळत नव्हतं. चकाकी जाऊन ते किंचित मंद दिसायला लागतं त्या क्षणी दात ठेवायचा, आधी नाही, नंतर नाही, आणि तो क्षण दर वेळी त्याच्या हातून निसटत होता. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. दिव्याची निळी ज्योत, मेणाचा वास, दाताच्या कडेवर पडलेला एक बारीक उजेड, एवढंच उरलं. लहानपणी तापात पडल्यावर छताच्या एकाच डागाकडे तासन्‌तास बघत राहायचा, त्या वेळेसारखं, फक्त ताप नसलेलं. मधेच त्याच्या मनात आलं, अरे, यालाच तल्लीनता म्हणतात, वर्गात यावर एक अख्खं प्रकरण होतं, आव्हान आणि कौशल्य यांचा समतोल! आणि ते मनात आल्याबरोबर तिसरा दात टपकन खाली पडला.

"विचार केलात ना?" आक्का मान वर न करता म्हणाली.

सहावा दात बसला तेव्हा त्याने डोकं वर काढलं. खोली रिकामी होती. जेवणाची सुट्टी होऊन गेली होती, माणसं परत येत होती, पॉलिशवाल्यांबरोबर ठरलेली साडेबाराची बैठक त्याच्याविनाच होऊन गेली असणार. पहिलवान दारात उभा होता. तो जवळ आला, वाकून साच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, हे दात आहेत की बसच्या रांगेतली माणसं?" पुन्हा तीच बादली गडगडली, सगळ्यांनी येऊन पाहिलं, एकीने तर तोंडाला पदर लावला. त्याला आपल्या त्या सहा वाकड्यातिकड्या दातांबद्दल इतकी माया वाटली की तो साचा तो कुणाला हातात घेऊ देईना.

माणसं पांगल्यावर त्याने अखेर विचारलं. नगांबद्दल, चिठ्ठीबद्दल काही नाही. जे एकोणीस वर्षं छापील कागदावर विचारत आला होता तेच, पण आज खरंच माहीत नसल्यामुळे. "आक्का, तुम्ही कामाला का येता?"

"घरी सासू आहे," ती पटकन म्हणाली आणि स्वतःच हसली. मग तिने ड्रॉवर उघडला. आत फोटो होते, दाटीवाटीने. लग्नातले, बागेतले, ओळखपत्रावरचे, कुणाकुणाचे हसतानाचे चेहरे. "सरळ दात लावायला काय साहेब, भिंतीला फरश्या लावतात तसे लावता येतात. तासाला एक तोंड होतं. ह्या पोरी करतात, चांगलं करतात. पण मग शहरातले सगळे म्हातारे एकाच माणसासारखे हसतात. मी डॉक्टरांना सांगते, जुना फोटो असला तर धाडा. ह्या माणसाचा बघा, हा दात जरा फिरलेला होता. मी फिरवून लावला. त्याची बायको म्हणाली म्हणे, आता हा माझा वाटतो." तिने फोटो परत ठेवला. "तुम्ही विचारलं म्हणून सांगते. घरी मला दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारतं, झालं का? आंघोळ झाली का, भांडी झाली का, तुझं झालं का. इथे कुणी विचारायचं नाही. वीस वर्षं कुणी विचारलं नाही. झालं की मीच सांगायची. मग तुमचा तो फळा आला. तो बोलत नाही, पण दिवसभर तेच विचारतो. फोटो बघायला मान वळवली की विचारतो. पॅकिंगमध्ये कसं, कापूस गुंडाळायचा, त्याला काय बघायचंय? तिथे विचारलं तरी चालेल."

त्याला फळ्याकडे बघायचं धाडस झालं नाही. बेरीज बिघडू नये म्हणून आपण बाजूला काढून ठेवलेला आकडा, तो हा. एवढंच म्हणाला, "चिठ्ठी शुक्रवारपर्यंत माझ्याकडे राहू दे." गुरुवारचा दिवस त्याने कसा काढला हे त्यालाच आठवत नाही. प्रस्तावाच्या कागदांवरून डोळे फिरवायचा, आकडे खरोखरच चांगले होते, पुन:पुन्हा तपासले तरी चांगलेच निघायचे. आकडे खोटे असते तर किती सोपं झालं असतं!

शुक्रवारी डॉक्टरीणबाई नेहमीप्रमाणे ताठ बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, चाळीस वर्षं दात उपटलेले. समोरच्याने तोंड उघडलं की त्यांची नजर आधी दातांवर जायची. प्रस्ताव त्यांनी आधीच वाचला होता. "छान आहे," त्या म्हणाल्या. "नग वाढलेत. पुढच्या महिन्यापासून सगळ्या खोल्यांत लावू."

"योजना चुकीची आहे," तो म्हणाला.

"कुणाची योजना?"

"माझीच."

त्यांनी चष्मा काढला. "आणि मग नवीन कोणती आणलीत?"

"नाही आणली."

एकोणीस वर्षांत या खोलीत तो योजनेशिवाय प्रथमच आला होता. हात कुठे ठेवावेत ते कळेना. कागद नसलेले हात इतके मोठे असतात हे त्याला माहीत नव्हतं. मग तो बोलायला लागला, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की तो अजिबात मुद्देसूद बोलत नाहीये. फिरवलेल्या दाताबद्दल, ड्रॉवरमधल्या फोटोंबद्दल, स्वतःच्या बसच्या रांगेबद्दल. नग वाढलेत हे खरं, पण आक्का पॅकिंगला निघालीय. फोटो दहांतला एखादाच डॉक्टर पाठवतो, बाकीच्यांना कुणी मागतच नाही. "मला दात लावता येत नाहीत," तो म्हणाला, "पण पत्रं लिहिता येतात. सगळ्या डॉक्टरांना मी लिहितो. फोटो मागवतो. पाठपुरावा करतो, नाही आले तर फोन करतो. आणि मेणाच्या खोलीतला फळा काढतो."

डॉक्टरीणबाईंची नजर त्याच्या दातांवर होती. "तुमचा वरचा डावा सुळा झिजलाय," त्या म्हणाल्या. "रात्री दात खाता. बरीच वर्षं खात असणार." मग चष्मा चढवला. "सहा महिने. पेशंटांकडून परत आलेल्या कवळ्यांची संख्या कमी झाली पाहिजे. नाही झाली तर आकडे मला पुरेत, तुमच्या खात्याची गरज नाही. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला. जिना उतरताना तो, हे त्याला मागाहून कळलं, शीळ घालत होता.

मेणाच्या खोलीतला फळा त्याने स्वतः उतरवला. आक्काने चिठ्ठी परत मागितली नाही, त्यानेही काढून दाखवली नाही. ती सोमवारी मेणाच्या टेबलाशी येऊन बसली, एवढंच. सगळं गोड झालं म्हणावं तर प्लास्टरच्या खोलीत पहिलवान हात कमरेवर ठेवून वाट अडवून उभा राहिला. "आमचा नाही हं काढायचा, साहेब."

"पण तुम्हीच तर हसत होतात ना त्याला?"

"हसायचं ते हसायचं. पण माझं नाव वर असतं! बायकोला फोटो काढून दाखवतो रोज." तो आवाज खाली आणून म्हणाला, "घरी मला कुठल्याच यादीत वर ठेवत नाहीत हो." फळ्याकडे गेलेला हात त्याने मागे घेतला. मग फळा तिथे राहिला, फक्त लाल शाईची पेनं तो खिशात घालून घेऊन गेला. एकाला जे टोचतं तेच दुसऱ्याला गुदगुल्या करतं, हे कुठल्या त्रिकोणात बसवायचं, याचा विचार त्याने पाच मिनिटं केला आणि सोडून दिला, कारण टेबलावर पत्रं पडली होती. तो पत्रं लिहीत होता. दिवसाला पंधरा, वीस. 'आदरणीय डॉक्टर, आपल्या पेशंटचा दात असतानाचा एखादा हसरा फोटो मिळाल्यास आभारी राहू.' पाकिटं येऊ लागली. एकात घोड्यावर बसलेला माणूस होता, चेहरा कणाएवढा. एकात अख्खं कुटुंब होतं आणि कोणता चेहरा ते लिहिलंच नव्हतं. त्यासाठी त्याने तीन फोन केले. मेणाच्या खोलीतल्या इतर पोरीही आता पाकिटं फोडायला धावायच्या.

दीड महिन्याने आलेल्या एका पाकिटात एका बाईंचा फोटो होता. पोहण्याच्या तलावाच्या काठावर ओल्या केसांनी उभ्या, पस्तिशीच्या असतील, तोंड भरून हसताहेत आणि समोरच्या दोन दातांमध्ये ही एवढी फट. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी होती: 'पेशंट आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मुलगी म्हणते फट नको, दात नीट हवेत. पेशंटना विचारायचे राहिले.' आक्काने फोटो दिव्याजवळ धरला, लांब धरला. "फट ठेवली आणि मुलीने कवळी परत पाठवली तर?" ती म्हणाली. "तुमच्यावर येईल." परत आलेल्या कवळ्या डॉक्टरीणबाई मोजत होत्या, हे आता सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

त्याने डॉक्टरांकडून नंबर घेतला आणि बाईंना फोन लावला. पलीकडून दात नसलेला, गुळगुळीत आवाज आला. त्याने कोण, कुठून ते सांगितलं, फोटोबद्दल सांगितलं. "तो फोटो अजून आहे?" मग आवाज चढला. "माझ्या तोंडातली फट आणि विचारायचं मुलीला? तिला म्हणावं, तुझ्या तोंडात काय हवं ते लाव. मला माझी हवी. आणि अहो, किती मोठी ठेवणार? फोटोत आहे तेवढीच हं. कमी करू नका लाजून."

आक्काने त्या बाईंचे दात दोन दिवस लावले. दोनदा काढले आणि पुन्हा लावले. तो दिवसातून तीनदा दारापर्यंत जायचा आणि काही न विचारता परत यायचा.

आठवड्याने, दुपारी, त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. दंतवैद्य होते. बाई खुर्चीत बसल्या आहेत, कवळी आत्ताच चढवली, मुलगी रागावून बाहेर जाऊन बसली आहे, आणि बाई म्हणताहेत की कारखान्यातल्या माणसांशी बोलल्याशिवाय खुर्चीतून उठणार नाही. "थांबा, एक मिनिट थांबा," तो म्हणाला. फोनची तार मेणाच्या खोलीपर्यंत पोचत नव्हती म्हणून तो दारात जाऊन आक्काला हाका मारू लागला, आणि त्या हाका ऐकून आक्का आली, पाठोपाठ पोरी आल्या, पहिलवान प्लास्टरने पांढरे झालेले हात वर धरून आला, पॅकिंगवाल्या आल्या. त्याने रिसीव्हर टेबलाच्या मधोमध उंच धरला. सगळ्यांनी माना पुढे केल्या.

"ऐकताय ना?" पलीकडून आवाज आला, आता नीट, ठसठशीत, आणि प्रत्येक 'स'बरोबर एक बारीकशी शीळ. "सासू. साखर. सशाची सावली. ऐकलंत? शीळ आली ना? आमचे हे मला तिच्यावरूनच ओळखायचे, अंधारातसुद्धा." आक्काने चष्मा काढून हातात घेतला होता.

"बरं, आता मी हसते हं," बाई म्हणाल्या, आणि हसल्या.